एक सीटचं अल्ट्रालाइट घ्यायचंय? मग विमान सगळ्यात शेवटी घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३४, वजन ८८ किलो, राहायला नागपुरात, काटोलकडे वडिलांची चार एकर शेती. यूट्यूबवर अमेरिकेतली एक सीटची अल्ट्रालाइट विमानं पाहिली, तिथे लायसन लागत नाही असं ऐकलं, तर किट मागवावं, घरी जोडावं आणि शेतातूनच उडावं असा विचार आहे. सुरुवात कुठून करू?

भाऊ, मी बरीच वर्षं मायक्रोलाइट, म्हणजे एक-दोन सीटची हलकी विमानं, उडवतोय आणि उडवण्यापेक्षा जास्त वेळ ती उघडून दुरुस्त करण्यात घालवलाय, म्हणून सरळ सांगतो, तुम्ही जो क्रम लावून राहिले ना तो उलटा करा. आधी मेडिकल, मग शिकणं, मग जागा, मग कागद आणि विमान सगळ्यात शेवटी. कारण एक सीट म्हणजे काय हे लोक नीट लक्षातच घेत नाहीत. दोन सीटच्या विमानात तुमचं चुकलं तर शेजारचा इन्स्ट्रक्टर कंट्रोल हातात घेतो, इथं शेजार नाहीच. ज्या दिवशी तुम्ही त्या विमानात पहिल्यांदा चाकं उचलाल त्याच दिवशी तुमचा त्या विमानावरचा सोलो, म्हणजे एकट्याचं उड्डाण, झालेला असेल, आणि विमान नवीन जोडलेलं असेल तर ती त्याची पण पहिली फ्लाइट असेल. म्हणून त्या पहिल्या दहा मिनिटांत जे जे लागणार आहे ते सगळं आधीच अंगात आणि हातात असलं पाहिजे, बाकीचं सगळं नियोजन तिथून मागं मागं यायचं.

आता लायसनचं. तुम्ही जे पाहिलं ते खरं आहे पण ते अमेरिकेचं आहे. तिथे १९८२ साली पार्ट १०३ नावाचा नियम आला, त्यात बसणाऱ्या विमानाला रजिस्ट्रेशन लागत नाही आणि पायलटला लायसन लागत नाही. पण बसायच्या अटी कडक आहेत: एकच माणूस, इंजिनवाल्या विमानाचं रिकामं वजन २५४ पाउंडांच्या आत म्हणजे साधारण ११५ किलो, पेट्रोल जास्तीत जास्त ५ अमेरिकन गॅलन म्हणजे १९ लिटर, सरळ उडताना वेग ५५ नॉटच्या वर जायला नको म्हणजे ताशी १०२ किलोमीटर, आणि इंजिन बंद असताना स्टॉल, म्हणजे ज्या वेगाखाली पंख विमान उचलून धरत नाही तो वेग, २४ नॉट किंवा त्याखाली, म्हणजे ताशी ४४ किलोमीटर. तिथेसुद्धा दाट वस्तीवरून उडता येत नाही. वजन आणि वेग एवढा कमी ठेवला की दुसऱ्याला धोका कमी, म्हणून सरकारनं हात काढून घेतला, स्वतः उडणाऱ्याला धोका कमी असा त्याचा अर्थ कोणी काढू नये.

आपल्याकडे अशी सूट नाही. एक सीट असो की दोन, ते मायक्रोलाइटमध्येच मोडतं आणि डीजीसीए म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंद लागते, शेपटीवर व्हीटी पासून सुरू होणारी अक्षरं लागतात, उडवायची परवानगी लागते, पायलटला लायसन लागतं, मेडिकल लागतं, विमा लागतो, आणि गृहमंत्रालयाची सुरक्षा तपासणी असते. बाहेरून आणायचं तर आयातीची परवानगी आणि कस्टम वेगळं. रेडिओ ठेवायचा तर त्याचं लायसन वेगळं, ऑनलाइन मिळणारा एअरबँडचा हँडसेट मागवून बोलायला लागलात तर तो गुन्हाच आहे. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या एअरक्राफ्ट अ‍ॅक्टच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम लागू झालाय त्यामुळे नेटवर सापडणारे जुने लेख वाचून फॉर्म भरू नका, डीजीसीएच्या साइटवर त्या दिवशी जे असेल तेच धरा. घरी विमान बनवून ते कायदेशीर उडवायला किती दम लागतो ते कॅप्टन अमोल यादवांकडे बघून कळतं, मुंबईत इमारतीच्या गच्चीवर त्यांनी विमान बांधलं, २०१६ च्या मेक इन इंडियात ते लोकांनी पाहिलं, नोंदणी २०१७ ला आणि उडवायची परवानगी २०१९ ला. तो माणूस स्वतः एअरलाइनचा पायलट होता. मी तुम्हाला नाउमेद करायला हे लिहीत नाही, हे होऊ शकतं, पण किट आधी आणून शेडमध्ये ठेवलं आणि कागद मागून सुरू केले तर विमान जुनं होते आणि माणूस थकते, म्हणून सांगतोय.

आणि एक, कागद पूर्ण झाले तरी मनात आलं आणि उडालो असं आपल्याकडे नसतं. फ्लाइट प्लॅन द्यावा लागतो आणि एअर डिफेन्स क्लिअरन्सचा, म्हणजे हवाई संरक्षणवाल्यांच्या परवानगीचा, नंबर घ्यावा लागतो. नागपूर देशाच्या मधोमध आहे, चारही दिशांची विमानं इथून वरून जातात, सोनेगावच्या विमानतळावर एअरलाइनची ये-जा आहे, एअरफोर्स आहे, मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय इथंच आहे. तुमच्या डोक्यावरचं आकाश रिकामं दिसलं तरी ते कोणाच्या तरी ताब्यात आहे. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, मोठा व्हीआयपी दौरा, डिसेंबरातलं हिवाळी अधिवेशन अशा दिवसांच्या आसपास आधी विचारल्याशिवाय शेडचं दारसुद्धा उघडू नका, अशा वेळी पोलिसांचे आदेश निघतात आणि ड्रोन, पॅराग्लायडर ह्यांच्या यादीत मायक्रोलाइटचं पण नाव असतं.

शिकायचं कुठं? दोन सीटच्या मायक्रोलाइटवर शिकायला मिळालं तर ते सर्वात उत्तम, कारण उडवायला तेच तुमच्या विमानाच्या सगळ्यात जवळचं आहे. बंगळूरला जक्कूरकडे मायक्रोलाइटवाली मंडळी जुनी आहेत आणि आपल्या देशातलं एक्स-एअर नावाचं विमान त्याच शहरातल्या राज हंस कंपनीचं. आपल्या भागात म्हणाल तर फ्लाइंग क्लबात सेसना ह्या छोट्या विमानावर पीपीएल म्हणजे खाजगी पायलटचं लायसन करणारे जास्त, त्याला निदान ४० तास उड्डाण लागते आणि वय १७ पूर्ण पाहिजे. पीपीएल केलं तर वाया जात नाही, रेडिओवर बोलणं, नकाशा, हवामान, सर्किटची म्हणजे पट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीची शिस्त हे सगळं तिथं पक्कं होते. पण सेसनावरून उतरून थेट अल्ट्रालाइटमध्ये बसणारा माणूस मला शून्यातून शिकणाऱ्यापेक्षा जास्त काळजीत टाकतो, कारण त्याचे हात चुकीच्या वजनाला सरावलेले असतात.

हे नीट समजावतो कारण सगळ्यात जास्त माणसं इथंच जखमी होतात. सेसना १५२ चं उड्डाणाचं वजन साडेसातशे किलोच्या वर असू शकते. इंजिन बंद केलं तर त्या वजनात साठलेला वेग काही सेकंद तरी तुम्हाला पुढं नेतो, तेवढ्या वेळात तुम्ही विचार करता, नाक खाली करता, जागा शोधता. तुमचं अल्ट्रालाइट ११५ किलोचं, त्यात तुम्ही ८८, हेल्मेट बूट कपडे धरून ९३, आणि पेट्रोल पूर्ण भरलं तर १४ किलो, म्हणजे एकूण सव्वादोनशेच्या आत. वर तारा, पाइप, उघडी सीट, सगळीकडे हवेचा अडथळा. इंजिन थांबलं की वेग हवेत विरघळल्यासारखा जातो. चढत असताना, नाक वर असताना इंजिन गेलं तर दोन सेकंद ‘काय झालं’ म्हणून बघत बसलात की स्टॉल, आणि खाली पन्नास मीटर. म्हणून स्टिक पुढे ढकलणं ही पहिली हालचाल, तीही विचार न करता. घरी खुर्चीत बसून करा, रोज करा, इंजिनचा आवाज बंद झाला की हात पुढे. आणि ग्लाइड, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगत जायचं अंतर, पण लहान असतो, तारांच्या उघड्या विमानात पाचला एक, सहाला एक एवढाच धरायचा. म्हणजे शंभर मीटर उंचीवरून पाचसहाशे मीटर, ते पण वारा समोरून नसेल तर. पट्टीकडे परत वळायचा मोह इथंच जीव घेतो, समोर डावी-उजवीकडे तीस अंशांत जे आहे त्यातच उतरायचं. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग केलेले लोक ह्या बाबतीत मला नेहमी बरे वाटले, त्यांना प्रत्येक लँडिंग इंजिनाशिवायच करायची सवय असते. तुम्हाला कुठेही ग्लायडर शिकायची संधी मिळाली तर ती सोडू नका.

आता तुमचं शेत. चार एकर ऐकायला खूप वाटते पण हिशोब करा, चार एकर म्हणजे साधारण १६,००० चौरस मीटर. शेत चौकोनी असेल तर बाजू सव्वाशे मीटरची आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजलं तरी १८० मीटर. चाळीस मीटर रुंद पट्टा असेल तरच लांबी चारशे भरते. हिवाळ्यातल्या थंड सकाळी असं विमान शंभर मीटरच्या आत जमीन सोडते हे खरं, पण ते कंपनीच्या माणसाच्या हातात आणि कडक गवतावर. नव्या माणसाला मी चारशे मीटरच्या खाली पट्टी सांगतच नाही, आणि दोन्ही टोकांना मोकळं पाहिजे, झाडं नकोत, विहीर नको आणि विजेची तार तर नकोच नको. कोराडी आणि खापरखेड्याहून निघालेल्या हायटेन्शन लाइनी आपल्या भागात कुठून कुठं जातात ते पायी फिरून बघा, तार वरून दिसत नाही, खांब दिसतात, आणि शेतातल्या पंपाची बारीक लाइन तर खांब पण झाडात लपवते.

त्याहून मोठी गोष्ट माती. आपली काळी माती पावसात चाकाला अशी बसते की चाक फिरायचं थांबते, मडगार्ड असलं तर ते भरून चाक जाम, आणि उन्हाळ्यात तीच माती फाटून भेगा पडतात, ज्यात नोजव्हील सहज अडकते. म्हणजे काळ्या रानावर सरळ उडता येईल असे महिने फार थोडे. मुरूम टाकून, रोलर फिरवून, मधून थोडा उंच आणि कडेला पाणी जायला नाली काढून पट्टी केली तरच ती टिकते, आणि दर पावसाळ्यानंतर परत मुरूम लागतोच. धुरे म्हणजे बांध सपाट करायचे तर शेजाऱ्याशी आधी बोला, धुऱ्यावरून भाऊ-भाऊ कोर्टात गेलेले आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. शेतजमीन आहे म्हणून तहसीलमध्ये पण विचारा, आणि खाजगी पट्टीवरून उडायला डीजीसीए आणि जिल्हाधिकारी ह्यांच्याकडे जावंच लागते. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं स्वतःच्या पट्टीच्या नादी लागू नका, जिथं आधीच परवानगीची धावपट्टी आहे तिथं जागा भाड्यानं मिळते का बघा, त्यासाठी शंभर-दीडशे किलोमीटर गाडी चालवावी लागली तरी चालेल. तिथं दुसरी माणसं असतात, कोणीतरी तुमचं विमान बघतो, टोकतो. एकट्यानं शेतात उडणाऱ्याला टोकणारं कोणी नसते.

काटोल-नरखेड-कळमेश्वरचा पट्टा म्हणजे संत्र्याच्या बागा. वरून फार सुंदर दिसतात पण इंजिन गेलं तर बागेसारखी वाईट जागा नाही. म्हणून महिन्यागणिक खालचं रान बघायला शिका. ऑक्टोबरात सोयाबीन निघालं की शेतं मोकळी होतात, तेव्हाच उतरायला सगळ्यात सोपं. तूर मात्र जानेवारीपर्यंत उभी असते आणि तिची धसकटं कापड फाडतात. पऱ्हाटी म्हणजे कपाशी वेचून झाली तरी लोक उपटत नाहीत, मार्चपर्यंत रानात उभी दिसेल, वरून ते शेत रिकामं वाटते आणि तसं नसते. हरभरा बुटका, त्यात उतरलं तर विमान आणि माणूस दोघं वाचतात, शेतकऱ्याची भरपाई द्यायची आणि माफी मागायची. नांगरलेल्या रानात तासाच्या दिशेनं उतरायचं, आडवं गेलात तर उलटणार. उभ्या पिकात उतरायची वेळ आलीच तर पिकाचा शेंडा हीच जमीन समजून तिथंच फ्लेअर करायचा, म्हणजे टेकायच्या आधी नाक हळूच उचलायचं. रस्त्यानं गाडीत जाताना खिडकीतून हे बघायची सवय लावा, फुकट ट्रेनिंग आहे.

आपल्याकडे खरा मुद्दा उन्हाचा आहे आणि बाहेरची पुस्तकं ह्याच्याबद्दल फार कमी लिहितात. सोनेगावची उंची समुद्रसपाटीपासून १,०३३ फूट. डिसेंबरातल्या सकाळी १२ अंश तापमानात हवा त्याच उंचीची असल्यासारखी वागते. मे महिन्यात दुपारी ४५ अंशाला तीच हवा एवढी विरळ होते की विमानाला आपण पाच हजार फुटांवर आहोत असं वाटते, ह्यालाच डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. त्या हवेत इंजिनची ताकद अंदाजे पंधरा टक्के कमी, पंख्याची ओढ कमी, आणि पंखाला तेवढीच लिफ्ट मिळवायला खरा वेग जास्त लागतो म्हणजे पट्टीवर धाव लांबते. मीटरवर वेग तोच दिसतो पण जमीन जास्त वेगानं मागं जाते, नवीन माणूस त्यामुळं फसतो आणि लवकर स्टिक ओढतो. चाळीस हॉर्सपॉवरच्या विमानाला हिवाळ्यात जी पट्टी पुरते ती मेमध्ये पुरेल असं मुळीच धरू नका.

वर दहा वाजल्यानंतरचे थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर उठणारी हवा. मार्च ते जून आपल्याकडं दुपारी जमिनीवर वावटळी फिरतात ते तुम्ही लहानपणापासून पाहिलेलं आहे, धूळ आणि पाचोळा दिसतो म्हणून ती वावटळ दिसते, डांबरी पट्टीवर तीच वावटळ दिसत नाही. उन्हाळ्यात उडायचंच असेल तर सूर्योदयापासून साडेआठपर्यंत, नंतर शेडला कुलूप. फेब्रुवारीपासूनची अवकाळी तर आणखी वाईट, वीस-पंचवीस किलोमीटरवर काळं दिसलं की तिकडचा थंड वारा ढगाच्या बराच आधी तुमच्यापर्यंत येते, गारपिटीचं तर बोलायलाच नको. पावसाळ्यात विमान उघडून काम करा. ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हा आपला खरा मोसम, त्यातही धुकं असलेल्या सकाळी थांबायचं. संक्रांतीच्या आसपास गावांजवळ कमी उंचीवर जाऊ नका, उघड्या सीटवर नायलॉन मांजा म्हणजे काय ते नागपूरच्या माणसाला सांगायला नको. भांडेवाडीसारख्या कचऱ्याच्या जागांजवळ घारी घिरट्या घालतात, तिथूनही लांब. पेंच, उमरेड-कऱ्हांडला अशा जंगलांवरून खाली उतरून वाघ बघायचा विचार डोक्यात आलाच तर तो तिथंच सोडून द्या.

लांब जाण्याबद्दल एक हिशोब सांगून ठेवतो. १९ लिटर पेट्रोल, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन तासाला दहा ते तेरा लिटर पिते, अर्ध्या तासाचं राखीव ठेवलं तर हातात तासभर. वेग ताशी ८० आणि समोरून ३० चा वारा, म्हणजे जमिनीवर ५०. तेव्हा हे विमान प्रवासाचं नाही, आपल्या पट्टीच्या आसपास सकाळचा तासभर उडायचं विमान आहे. ज्याला हे मनापासून आवडते त्यानंच घ्यावं, ज्याला नागपूर-पुणे करायचंय त्यानं दुसरं काही बघावं. मला स्वतःला हे फार आवडते. दोनशे मीटरवरून, काचेशिवाय, पहाटेच्या थंडीत खालच्या चुलीचा धूर नाकाला लागतो, ते मोठ्या विमानात नाही.

विमान कोणतं? क्विकसिल्वर, कोल्ब फायरफ्लाय, एरोलाइट १०३, लाकडाचं मिनी-मॅक्स, आणि अर्ध्या फोक्सवॅगन इंजिनवरचं लीगल ईगल, ही नावं तुम्ही पाहिली असतील. चांगली आहेत. आपल्याकडं परवानगी कोणत्या प्रकाराला आणि कशी मिळेल हे आधी ठरतं, पसंती नंतर. जुनं विकत घेणार असाल तर रंग आणि फोटो बघू नका. कापड बघा. डॅक्रॉनचं कापड ऊन खाते, आपलं ऊन तर खातेच खाते, वरून चकाचक दिसणारं कापड बोटानं टोचलं तर जाते. त्यासाठी बेट्सोमीटर नावाचं साधं यंत्र असते, सुई अडकवून ओढायची आणि ठरलेल्या ताणाला कापड धरते का बघायचं. पंखाच्या वरच्या बाजूला टेस्ट करा, खालच्या नाही, ऊन वरून लागते. मग तारा, तारांच्या टोकाचे दाबून बसवलेले क्रिंप, बोल्टच्या भोकांची आतली कड, पाइपला आलेले बारीक वाक. बोल्ट बदलायचा असेल तर एएन ग्रेडचाच, सीताबर्डीच्या हार्डवेअर दुकानातला तेवढ्याच मापाचा बोल्ट दिसायला सारखा असते पण तो विमानासाठी नाही. नायलॉक नट एकदा काढला की परत लावायचा नाही, कॉटर पिन पण नवीच. चार-चार रुपयांच्या ह्या वस्तूंवर पंख धरून असतो.

इंजिन बहुतेक वेळा टू-स्ट्रोक मिळेल. रोटॅक्सची ४४७ आणि ५०३ आता बनत नाहीत, जुनीच फिरतात, ती चांगली इंजिनं आहेत पण मागच्या मालकानं काय केलं त्यावर सगळं आहे. रोटॅक्सनं त्यांना ३०० तासांवर ओव्हरहॉल सांगितलेलं आहे, लॉगबुक नसेल तर ओव्हरहॉलचा खर्च धरूनच किंमत बोला. ऑइल ५० ला १ ह्या प्रमाणात, मोजून, अंदाजानं नाही. दोन गेज डोळ्यांसमोर पाहिजेत, सिलिंडर हेडचं तापमान आणि एक्झॉस्टचं तापमान. एक्झॉस्ट ६५० अंश सेल्सियसच्या वर जाऊ द्यायचं नाही. आणि इथं परत आपलं हवामान आडवं येते: मेच्या विरळ हवेत कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल यायचं भोक, बारीक करून मिश्रण बरोबर बसवलं, आणि तोच जेट ठेवून डिसेंबरच्या दाट थंड हवेत उडालात तर मिश्रण लीन होते म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडते, पिस्टन तापते आणि जाम होते. वर्षातून दोनदा तरी प्लगचा रंग आणि गेज बघून जेट तपासायलाच लागतो. थंडीत स्टार्ट करून लगेच फुल थ्रॉटल पण नाही, पिस्टन लवकर फुगते आणि सिलिंडर थंडच असते, इंजिनला गरम व्हायला वेळ द्या.

पेट्रोलचं आणखी वेगळं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, आपल्या पावसाळ्यात तर फारच, आणि ठराविक पाणी झालं की पाणी-इथेनॉल खाली वेगळं बसते. ते कार्ब्युरेटरमध्ये गेलं की इंजिन थांबणारच. जुने रबरी पाइप फुगतात, फायबरच्या टाकीचं जुनं रेझिन सुटते. तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये किती टक्के चालते ते वाचा, रोटॅक्सनं ९१२ सारख्या फोर-स्ट्रोकला सुद्धा १० टक्क्यांपर्यंतच मान्यता दिलेली आहे. पेट्रोल तपासायला काचेच्या मापाच्या नळीत १० भाग पाणी आणि ९० भाग पेट्रोल घ्या, हलवा, ठेवा, खालचा थर १० वरून जेवढा वाढला तेवढं इथेनॉल. पाण्यानं इथेनॉल धुऊन काढून तेच पेट्रोल वापरतात असे लोक आहेत, ते करू नका, ऑक्टेन पडते आणि पाणी राहते. टाकीत जुनं पेट्रोल ठेवून महिनाभरानं उडू नका, काढा आणि स्कूटरला घाला.

शेडबद्दल एकच, उंदीर आणि कुंभारीण माशी. माशी पिटो ट्यूबमध्ये म्हणजे वेग मोजायच्या नळीत आणि टाकीच्या हवेच्या भोकात मातीचं घर करते, पिटो बंद झाला तर वेग खोटा दिसतो आणि टाकीचं भोक बंद झालं तर दहा मिनिटांनी इंजिनला पेट्रोल मिळत नाही. दोन्हीकडं लाल फित लावलेली टोपी ठेवा. लाकडी प्रोपेलर असेल तर उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि बोल्ट सैल होतात, पावसाळ्यात फुगते, म्हणून ऋतू बदलला की टॉर्क रेंचनं तपासायचं.

पहिल्या उड्डाणाबद्दल. पट्टीवर छोट्या उड्या मारत शिकायचा सल्ला तुम्हाला खूप जण देतील, दोन मीटर उचलायचं आणि टेकवायचं. मला तो पटत नाही. उडी मारताना विमान सगळ्यात कठीण अवस्थेत असते, वेग कमी, जमीन जवळ, पट्टी संपत आलेली, आणि माणूस नवा. त्यापेक्षा आठवडे दोन आठवडे फक्त टॅक्सी करा, म्हणजे विमान जमिनीवरच चालवा, हळू, मग जोरात पण उडायच्या वेगाच्या बराच खाली, नाक सरळ ठेवायला पाय आपोआप चालेपर्यंत. मग एक ठरवलेली सकाळ, वारा ताशी आठ-नऊ किलोमीटरच्या आत आणि पट्टीच्या रेषेत, खाली एक जाणकार माणूस रेडिओवर, गाडी आणि आग विझवायचा सिलिंडर तयार. पट्टीच्या मध्याला आधीच खूण करा, त्या खुणेपर्यंत चाकं उचलली नाहीत तर थ्रॉटल बंद. उडालात तर थेट जमिनीपासून हजार फूट, पट्टीच्या ग्लाइडमध्येच राहून. तिथं वेग हळूहळू कमी करा आणि विमान कोणत्या आकड्याला लोळायला लागते ते मीटरवर वाचून लक्षात ठेवा, कारण ह्या विमानांचे मीटर बरेचदा चुकीचे असतात, पुस्तकातला ४४ तुमच्या मीटरवर ३८ पण असू शकतो आणि ५० पण. जो आकडा दिसला त्याच्या १.३ पट उतरायला येतानाचा वेग, म्हणजे तुमचा अ‍ॅप्रोच, वाऱ्याचे झोत असतील तर झोतानं वारा जेवढा वाढतो त्याच्या अर्धा वेग त्यात वाढवायचा. जमिनीजवळ वारा एकदम कमी होतो तेव्हा वेगही पडते, म्हणून नाक खाली ठेवून, थोडी पॉवर ठेवून आत या. वीस मिनिटांत खाली. त्या दिवशी दुसरी फ्लाइट नाही, सगळे बोल्ट आणि तारा परत बघा.

वजनाचं विचारलंत, ८८ चालते, पण प्रत्येक विमानाच्या पायलटची वरची आणि खालची मर्यादा वेगळी असते आणि सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी म्हणजे विमानाच्या तोलाचा बिंदू सीटवरच्या वजनानं सरकते, म्हणून काट्यावर तिन्ही चाकं ठेवून, तुम्ही बसून, मोजल्याशिवाय उडायचं नाही. बॅलिस्टिक पॅराशूट म्हणजे सगळं विमान तोलणारी छत्री मिळत असेल आणि परवानगी होत असेल तर घ्या, पण त्याच्या भरवशावर कमी उंचीवर काही करू नका, उघडायला त्यालाही उंची लागते.

तर आज लगेच करायचं काम म्हणजे क्लास टू मेडिकल. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे जा, डोळे, कान, साखर, ईसीजी सगळं होऊ द्या, चष्मा असला तरी घाबरू नका, चष्म्यासह मिळते. त्यात काही निघालं तर किटचा पैसा वाचला, आणि नाही निघालं तर स्टुडंट पायलटचा अर्ज भरून ह्या ऑक्टोबरात शिकायला बसा, म्हणजे पुढच्या उन्हाळ्याच्या आधी दोन सीटवर हात बसेल. तोवर शेतात जाऊन चारशे मीटर पावलांनी मोजा आणि तारा कुठून जातात त्याचा कच्चा नकाशा काढून पाठवा, फोटो नको, नकाशाच पाहिजे, त्यावरून पट्टी होईल की नाही ते मी सांगतो.